एका नावाच्या दोन फायली: तस्करीतून सुटलेल्यांच्या माथ्यावरचा गुन्हा पुसता येतो का?

इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या घराजवळ बायकांसाठी शिवणाचा एक वर्ग चालतो. मी आठवड्यातून दोनदा तिथे हिशेब लिहायला जाते. वर्गाला येणारी एक मुलगी (आता तिशीला आली आहे, पण मला काकू म्हणते, म्हणून माझ्यासाठी मुलगीच) मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे एक घडी घातलेला कागद घेऊन आली. एका शाळेत मदतनीस म्हणून तिचं काम जवळजवळ ठरलं होतं, ते पोलीस पडताळणीत अडकलं. तिच्या नावावर गुन्हा निघाला.

"काकू, केस तर तेव्हाच संपली ना? दंडही भरला होता. मग थाण्यात अजून माझं नाव कसं?"

ओळख पटणार नाही इतपतच तिची हकीकत सांगते. बऱ्हाणपूरकडच्या एका गावातून, पॅकिंगचं काम मिळवून देतो म्हणून एकाने तिला इंदूरला आणलं. काम नव्हतंच. एक खोली होती, तिला बाहेरून कडी होती, आणि 'आणायला लागलेला खर्च' तिच्या डोक्यावर कर्ज म्हणून मांडलेला होता. पहिला छापा पडला तेव्हा ती आरोपी ठरली. कोर्टाच्या आवारात कोणीतरी कानाशी लागलं, कबूल कर, दंड भर, संध्याकाळपर्यंत मोकळी होशील. दंडाचे पैसे तिला आणणाऱ्याच माणसाने भरले आणि तेही तिच्या कर्जात धरले. दीडेक वर्षाने दुसरा छापा पडला. त्या फायलीत ती पीडित आहे, सरकारी साक्षीदार आहे, आणि तोच माणूस आरोपी आहे.

दोन्ही फायली याच शहरातल्या, पण एकीला दुसरीचा पत्ता नाही. शाळेच्या पडताळणीत वर आली ती पहिली.

तेव्हापासून मी वकिलांना विचारत, वाचत गेले. जे कळलं ते सोप्या शब्दांत मांडते आहे, कारण अशी ती एकटीच नाही.

## तस्करी म्हणजे नेमकं काय?

'मानवी तस्करी' म्हटलं की सीमा, ट्रक, रात्रीचा अंधार असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. कायद्यात त्यातलं काहीच लागत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 143 (पूर्वीच्या दंडविधानात 370) तीन गोष्टी बघतं. काय केलं: माणसाला मिळवलं, नेलं, ठेवलं किंवा दुसऱ्याच्या हवाली केलं. कसं केलं: धमकी, जोर, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा आमिष. कशासाठी केलं: शोषणासाठी. तिन्ही जुळल्या की ती तस्करी, मग नेलं परदेशात असो की एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात. "ती स्वतःच्या पायांनी आली होती" हा बचाव चालत नाही, कारण पीडित व्यक्तीची संमती इथे गैरलागू आहे, असं कलमातच लिहिलं आहे.

आपल्या संविधानाने हे फार आधी ओळखलं होतं. अनुच्छेद 23 माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच वाक्यात बंदी घालतो.

## पीडित माणूस आरोपी कसा होतो?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. छापा म्हणजे सुटका, अशी आपली समजूत असते. पण छाप्यात जो सापडतो तो त्या क्षणी काहीतरी करताना सापडतो, आणि पंचनाम्यात तेवढंच येतं.

देहविक्रयाच्या प्रकरणांत 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा लागतो. थाण्यात त्याला सरसकट 'पीटा' म्हणतात. हा कायदा मुख्यतः कुंटणखाना चालवणारे, दलाल आणि या कमाईवर जगणारे यांच्यासाठी आहे. देहविक्रय करणं हाच गुन्हा, असं तो म्हणत नाही. पण त्याची दोन कलमं थेट बाईवर येतात. कलम 7 देवळं, शाळा, दवाखाने अशा ठिकाणांपासून 200 मीटरच्या आतल्या देहविक्रयाला लागतं. कलम 8 सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावण्याला लागतं: पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड. हेच कलम 8 पुरुषाने मोडलं तर जास्तीत जास्त 3 महिने. हा फरक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान उलटून पुन्हा वाचलं.

पाचशे रुपये ऐकायला क्षुल्लक वाटतात, आणि सापळा तिथेच आहे. दंड भरून सुटणं म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे. गुन्हा कबूल केला की कोर्ट दोषी ठरवतं, आणि दंड ही त्या दोषाची शिक्षा असते. आमच्या मुलीला वाटलं होतं की तिने सुटकेची किंमत मोजली. कागदावर तिने गुन्ह्याची कबुली दिली होती.

गोष्ट देहविक्रयाचीच असते असंही नाही. कोणाच्या खिशात गांजाची पुडी ठेवतात, कोणाला चोरीला धाडतात, कोणाच्या नावाने खोटी ओळखपत्रं काढतात. अलीकडची सर्वांत मोठी उदाहरणं म्यानमार आणि कंबोडियातली आहेत. संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना तारेच्या कुंपणाआड कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणूक करवून घेतली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 2023 मध्ये म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 लोक असे अडकलेले असावेत, असं म्हटलं. मार्च 2025 मध्ये भारताने तिथून सुटलेल्या 549 जणांना दोन दिवसांत हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. आपल्याकडे एखाद्या पेन्शनर काकांना 'डिजिटल अरेस्ट'चा फोन येतो, तेव्हा पलीकडचा आवाज अशाच एखाद्या कोंडलेल्या मुलाचा असू शकतो.

## पण तिने ते केलं तर होतंच ना?

हा प्रश्न मला माझ्याच घरात विचारला गेला.

समजा, तुम्ही स्कूटरवर पलासियाच्या चौकात उभ्या आहात. मागे बसलेल्याने पाठीला सुरी लावून लाल दिवा तोडायला लावला. कॅमेऱ्याने नंबर टिपला आणि चलान घरी आलं. कॅमेरा खोटं बोललेला नाही. दिवा तोडला गेला, हँडल तुमच्याच हातात होतं, फक्त फोटोच्या चौकटीत सुरी आली नाही. आता तुम्ही वाहतूक पोलिसांकडे जाऊन "या वेळी माफ करा" म्हणाल, की "हे चलान माझ्यावर फाडायलाच नको होतं" म्हणाल?

या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यावरच हा सगळा विषय उभा आहे. माफी मागायची तर आधी दोष मान्य करावा लागतो. तस्करीतून सुटलेली माणसं नोंदीतली चूक दुरुस्त करून मागत आहेत.

जगभरच्या कायद्यांत या विचाराला अदंडनीयतेचं तत्त्व म्हणतात: तस्करीचा थेट परिणाम म्हणून जे करावं लागलं, त्याची शिक्षा पीडिताला नको. संयुक्त राष्ट्रांच्या 2002 च्या मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे, युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशातही आहे. त्या निर्देशाने तर एखाद्याकडून गुन्हे करवून घेणं हाही शोषणाचाच प्रकार मानला आहे. आपल्या कलम 143 च्या स्पष्टीकरणात लैंगिक शोषण, गुलामी, अवयव काढून घेणं आहे, नव्या संहितेत भीक मागायला लावणंही आलं. गुन्हे करवून घेण्याचा उल्लेख मात्र त्या यादीत नाही.

## जबरदस्तीने केलेल्या कृत्याला आपला कायदा सूट देत नाही का?

देतो, पण दार फार अरुंद आहे. न्याय संहितेचं कलम 32 (जुनं 94) म्हणतं की धमकीखाली केलेलं कृत्य गुन्हा नाही, जर ती धमकी तत्काळ मृत्यूची असेल. तत्काळ. म्हणजे आत्ता, इथे, याच क्षणी. नुसत्या मारहाणीच्या भीतीने दरोडेखोरांच्या टोळीत सामील झालेल्याला ही सूट नाही, असं उदाहरण कायद्यातच दिलं आहे.

तस्करीतली जबरदस्ती अशी नसते. तिच्यात सुरी क्वचितच दिसते. तिच्यात वाढतं कर्ज असतं, काढून घेतलेलं आधार कार्ड असतं, "तुझ्या धाकट्या बहिणीची शाळा मला माहीत आहे" हे एक वाक्य असतं. आमची मुलगी म्हणाली होती, "कडी बाहेरून होती ती पहिले दोन महिनेच. नंतर लावायची गरजच पडली नाही." मृत्यूची धमकी शोधणाऱ्या कायद्याला हे वाक्य ऐकूच येत नाही.

## बाहेरच्या देशांनी काय केलं?

मी हिशेब लिहिते, म्हणून वहीच्या भाषेत सांगते. चुकीची नोंद तीन प्रकारे हाताळता येते. पानावर कागद चिकटवायचा: नोंद राहते, पण लोकांना दिसत नाही. पान फाडायचं: नोंदच नाहीशी. किंवा उलट नोंद टाकून स्पष्ट लिहायचं की मूळ नोंद चुकीची होती. कायद्यात पहिलं नोंद झाकणं, दुसरं नोंद नष्ट करणं, आणि तिसरं दोषसिद्धीच रद्द करणं. अमेरिकेत तिसऱ्याला 'व्हेकेटर' म्हणतात. सुटलेल्यांची मागणी मुख्यतः याचीच असते, कारण या तिसऱ्या वाटेवरच कोर्ट स्वतः म्हणतं की हा निकाल टिकायला नको होता.

अमेरिकेत हा कायदा पहिल्यांदा न्यू यॉर्क राज्याने 2010 मध्ये केला. सुरुवातीला तो देहविक्रयासंबंधीच्या गुन्ह्यांपुरताच होता. लवकरच लक्षात आलं की तस्कर फक्त एकच गुन्हा करवून घेत नाही, आणि 2021 मध्ये त्याची व्याप्ती इतर गुन्ह्यांपर्यंत वाढली. त्या कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. सरकारी यंत्रणेने दिलेला 'ही तस्करीची पीडित होती' असा कागद असेल, तर कोर्ट तसंच गृहीत धरून चालतं. पण असा कागद नसला म्हणून अर्ज फेटाळला जात नाही. कोंडून ठेवणारा माणूस पावती देत नाही, हे कायद्याने समजून घेतलं.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथल्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याचं कलम 45 खटल्यातच बचाव देतं. गंभीर गुन्ह्यांची लांब यादी त्यातून वगळली आहे. तरीही 2021 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरलं. गांजाच्या शेतीत सापडलेल्या दोन व्हिएतनामी अल्पवयीन मुलांवर खटले चालवताना ती तस्करीची बळी आहेत का, हे आधी नीट तपासलंच नव्हतं, म्हणून.

## मग आपल्याकडे आज काय वाट आहे?

तस्करीतून सुटलेल्यांची दोषसिद्धी रद्द करणारा वेगळा कायदा भारतात नाही. 2018 मध्ये तस्करीविरोधी विधेयक लोकसभेत मंजूर झालं होतं. त्यात पीडितांना संरक्षण देणारं एक कलम होतं, पण ते अशाच गुन्ह्यांना लागू होतं ज्यांना फाशी, जन्मठेप किंवा 10 वर्षांची शिक्षा आहे. म्हणजे जबरदस्तीने मोठा गुन्हा करावा लागला तर संरक्षण, आणि कलम 8 सारख्या लहान गुन्ह्याला काहीच नाही. त्यावर बरीच टीकाही झाली. राज्यसभेत ते पुढे गेलं नाही आणि 2019 मध्ये लोकसभेबरोबर संपलं.

तरी काही पायवाटा आहेत. प्रकरण कुठपर्यंत गेलं आहे त्यावर वाट ठरते.

केस अजून चालू असेल तर सरकारी वकील कोर्टाच्या परवानगीने खटला मागे घेऊ शकतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 360). उच्च न्यायालयाकडे केसच रद्द करून मागता येते (कलम 528). आपल्यासाठी म्हणजे इंदूर खंडपीठ, जबलपूरला जावं लागत नाही. छापा पडण्याच्या पायरीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 19 मे 2022 च्या आदेशात त्याने नेमलेल्या समितीची एक शिफारस नोंदली आहे: कुंटणखान्यावरच्या छाप्यात तिथल्या स्त्रियांना अटक, दंड किंवा छळ होऊ नये. पण केंद्र सरकारने तिच्याबद्दल हरकत नोंदवली, म्हणून न्यायालयाने त्या आदेशात ज्या शिफारशी पाळायला सांगितल्या त्यांत ही नव्हती. ही शिफारस तेव्हाच लागू असती तर आमच्या मुलीची पहिली फाईल कदाचित उघडलीच नसती.

दोष सिद्ध होऊन गेला असेल तर वाट कठीण होते. उशीर का झाला ते पटवून देऊन अपील किंवा पुनरीक्षण करता येतं. पण स्वतः गुन्हा कबूल केला असेल तर निकालाविरुद्ध अपिलाला फारशी जागा उरत नाही, आणि उच्च न्यायालयाचंच दार ठोठवावं लागतं. कैदेऐवजी 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर कलम 12 प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. ही गोष्ट नोकरीच्या वेळी फारच थोड्यांना आठवते. राज्यपालांकडे दयेचा अर्जही करता येतो, पण ती पुन्हा माफीच.

सर्वांत रुंद वाट आहे ती गुन्ह्याच्या दिवशी 18 वर्षं पूर्ण न झालेल्यांसाठी. बाल न्याय कायदा, 2015 प्रमाणे 'मी तेव्हा अल्पवयीन होते' हा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, प्रकरण निकाली निघाल्यावरही. तो सिद्ध झाला तर कोर्टाने दिलेली शिक्षा निष्प्रभ ठरते आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. त्याच कायद्याचं कलम 24 अपात्रता काढून टाकतं आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायला सांगतं. वय ठरवताना शाळेचा दाखला आधी बघतात, पोलिसांचा अंदाज नाही.

वकिलाच्या फीच्या धाकाने कोणी मागे राहू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 मध्ये तस्करीचे पीडित आणि सर्व स्त्रिया यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, किंवा 15100 वर फोन करायचा.

नोकरीच्या फॉर्मवर 'गुन्हा दाखल आहे का' असं विचारलं तर खोटं लिहू नये, हेही सांगून ठेवते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरीच्या संदर्भात सांगितलं आहे की खरी माहिती दिली तर मालकाने गुन्ह्याचं स्वरूप आणि परिस्थिती बघून निर्णय घ्यायचा असतो. लपवणं मात्र स्वतंत्रपणे अंगाशी येतं.

## उद्या प्रत्येक गुन्हेगार "मी पीडित" म्हणेल, त्याचं काय?

म्हणू द्या. म्हटल्याने सिद्ध होत नाही. जिथे असे कायदे आहेत तिथे न्यायाधीश पुरावा बघतात, सरकारी पक्षाचं ऐकतात, आणि गुन्ह्याचा तस्करीशी थेट संबंध जुळतो का ते तपासतात. सुटल्यावर चार वर्षांनी स्वतःच्या मर्जीने केलेली चोरी त्यात बसत नाही. खोट्या दाव्यांच्या भीतीने खऱ्यांना दार बंद करायचं, तर उद्या खोट्या तक्रारी होतात म्हणून थाणीही बंद करावी लागतील.

## आणि ज्यांचं नुकसान झालं, त्यांचं?

हा आक्षेप मला खरा जड वाटतो. ज्या पेन्शनर काकांची आयुष्यभराची पुंजी एका फोनवर गेली, त्यांना आवाज त्या कोंडलेल्या मुलाचाच ऐकू आला होता. त्यांच्या रागाला जागा आहे, आणि "तोही बिचाराच" एवढ्याने तो शांत होणार नाही. खून किंवा लहान मुलांवरचा अत्याचार असेल, तर मीही सरसकट सूट मागणार नाही. तिथे प्रकरण बघूनच ठरायला हवं.

पण काकांचे पैसे कुठे गेले, हे कोणाला ठाऊक असतं? त्या मुलालाच. तोच आत होता, त्यानेच मालकांचे चेहरे पाहिले. त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की तो गप्प बसतो, त्याचा वकीलही गप्प बसायलाच सांगतो. साक्षीदार म्हणून उभा केला तर तो बोलतो.

आमच्या मुलीच्या बाबतीत मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सुटायची संधी तिला दोनदा मिळाली होती आणि दोन्ही वेळा ती गेली नाही. तो माणूस म्हणायचा, "जा ना थाण्यात. तिथे तुझं नाव आधीच आहे." पाचशे रुपयांचा तो दंड भरून त्याने स्वतःसाठी एक दोरी विकत घेतली होती, आणि दोरी सरकारी कागदाची असल्यामुळे ती त्याला कधी ओढावीही लागली नाही. पुढे खटल्यात तिची साक्ष झाली, तेव्हा बचावाच्या वकिलांनी सर्वांत आधी वर काढली ती हीच जुनी फाईल.

## नोंद पुसली तर तस्कराविरुद्धचा पुरावा जाईल का?

नाही. पुसायचं ते आरोपी म्हणून लागलेलं तिचं नाव. छाप्याचा पंचनामा, जबाब, तस्करावरची केस हे सगळं जागेवर राहतं.

पुसण्याचं काम मात्र एका जागी होत नाही. थाण्याची नोंदवही, पोलिसांचं संगणकीय जाळं, कोर्टांची नावाने शोधता येणारी वेबसाइट, आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रातला तोंडावर ओढणी घेतलेल्या बायकांचा फोटो, असे चार ठिकाणी तिचे तुकडे पडलेले आहेत. कोर्टाचा आदेश मिळाला तरी तो एकेका ठिकाणी नेऊन पोचवावा लागतो.

गेल्या महिन्यात विधी सेवेच्या वकीलबाईंनी दोन्ही फायलींची नक्कल मागवली. पहिल्या फायलीत, अटकेच्या कागदावर वयाच्या रकान्यात पोलिसांनी 'अंदाजे 19' लिहिलं आहे. वकीलबाईंनी मान वर करून विचारलं, "शाळेत कितवीपर्यंत होतीस?"

"आठवी."

"दाखल्यावर जन्मतारीख काय आहे?"

तिने सांगितली. मी बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं. त्या छाप्याच्या दिवशी ती 17 वर्षं आणि 8 महिन्यांची होती. तिच्याबरोबर त्याच खोलीत पकडलेली, त्याच कलमात दंड भरलेली दुसरी मुलगी तिच्याहून वर्षभराने मोठी होती. तिच्यासाठी हे दार नाही.

शाळा गावीच आहे. सोमवारी आम्ही दोघी सरवटे बसस्थानकावरून सकाळची बऱ्हाणपूरची बस धरणार आहोत, दाखला काढायला.